टेंटरहुक आणि टांगणी

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ठराव केला की इंग्रजांनी हिंदुस्थानवरची सत्ता सोडावी. पुढच्या महिन्यात मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर महासमितीने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि चळवळ सुरू झाली. या एकाच चळवळीची तीन भाषांतली तीन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. इंग्रजीत ती ‘क्विट इंडिया’. ‘क्विट’ हा तिथे घरमालकाच्या तोंडचा शब्द आहे. भाडेकरूने जागा खाली करावी म्हणून रीतसर कागद धाडतात त्याला इंग्रजी कायद्यात ‘नोटिस टू क्विट’ म्हणतात. म्हणजे इंग्रजाला त्याच्याच कायद्याच्या भाषेत सांगितले गेले की मुदत संपली, आता घर सोडा. हिंदीत ‘भारत छोडो’ आले, त्यात कायद्याचा वास नाही, पकड सैल करण्याचा हुकूम आहे. मराठीत सर्वांत जास्त रुळले ते ‘चले जाव’. शब्द हिंदीच, पण हिंदीत या चळवळीचे रूढ नाव ते नव्हे. ‘चले जाव’मध्ये भारताचा उल्लेखसुद्धा नाही, आहे ते फक्त दाराकडे दाखवलेले बोट. तिन्हींपैकी एकही दुसऱ्याचे शब्दशः भाषांतर नाही, आणि तरी तिन्ही ऐकणाऱ्यांना नेमके एकच कळले.

त्याच सभेत गांधीजींनी दिलेल्या मंत्राचेही तसेच. ‘डू ऑर डाय’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत त्यांच्या आधी शंभराहून अधिक वर्षे रुळलेला होता. त्यात कर्ता नाही. कोणी करायचे, कोणी मरायचे हे बोलणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. ‘करेंगे या मरेंगे’ म्हणताच कर्ता आला, आणि तोही ‘आम्ही’. आज्ञेची शपथ झाली. आठवड्याभराने, १६ ऑगस्टला, वर्धा जिल्ह्यातल्याच आष्टीत जमाव पोलीस ठाण्यावर गेला आणि त्या शपथेचा दुसरा अर्धा भाग अक्षरशः खरा ठरला. आज त्याच जिल्ह्यातल्या चहाच्या टपरीवर ‘करो या मरो’ हे शब्द कानावर पडतात ते बहुतेक वेळा क्रिकेटच्या सामन्याविषयी. इंग्रजी समालोचकही ‘डू-ऑर-डाय मॅच’ म्हणतो. हरलेला संघ सुखरूप घरी जातो, याचे कोणालाच काही वाटत नाही. शब्द तेच, पण अर्थाचे वजन प्रसंगाने ठरवलेले. या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच: इंग्रजी वाक्प्रचार शिकायचा तर तो कोण, कोणाला, कशा वेळी म्हणतो यावरून शिकावा. त्याच्यापुढे लिहिलेला मराठी ‘समानार्थी’ वाक्प्रचार हा बहुधा पहिला आधार असतो आणि पुष्कळदा पहिला खड्डाही.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मार्गदर्शकांत दोन रकाने असतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ही मांडणी निरुपद्रवी दिसते, कारण काही जोड्या खरोखर चपखल बसतात. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणे मराठीत आहे तसे इंग्रजीतही आहे. पाठ फिरवणे, कान देणे, हात देणे यांचेही तसेच. एवढ्या अनुभवावर वाचक धीट होतो आणि चित्र ओळखीचे दिसले की अर्थही ओळखीचा असणार असे धरून चालतो. ‘सी आय टू आय’ ऐकून त्याला डोळ्याला डोळा भिडवणे आठवते. मराठीत डोळ्याला डोळा भिडवला की आव्हान असते, समोरच्याला न घाबरता उभे राहणे असते. इंग्रजीत ‘वी सी आय टू आय ऑन धिस’ म्हणजे या बाबतीत आमचे एकमत आहे. तेच चित्र आणि नेमका उलटा प्रसंग! ‘ईट युअर वर्ड्स’ म्हणजे बोललेले चूक ठरल्यामुळे निमूटपणे गिळावे लागणे. मराठीत शब्द खाणारा माणूस फक्त अस्पष्ट बोलत असतो. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टेने खोटेच सांगून फिरकी घेणे, आणि ‘आर यू पुलिंग माय लेग?’ हा हसत विचारायचा प्रश्न आहे. मराठीत पाय ओढणारा मात्र वर चढणाऱ्याला खाली खेचतो, त्यात हसण्यासारखे काही नसते. कार्यालयात एखाद्याने ‘माय कलीग्ज आर ऑल्वेज पुलिंग माय लेग’ अशी तक्रार लिहिली, तर साहेबाला वाटेल की मंडळी खेळीमेळीने राहतात.

असे का होते? शरीर सगळ्या माणसांना सारखेच मिळालेले आहे, म्हणून चित्रे जुळतात. पण त्या शरीराला जगताना काय सोसावे लागले ते भाषेगणिक वेगळे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो. अशा मुलखात पाहुण्याचे ‘वॉर्म वेलकम’ उबदार स्वागत म्हणून मराठीत आणले तर पाहुणा परत फिरेल. मराठीने तो वाक्प्रचार ‘हार्दिक स्वागत’ असा वळवून घेतला, म्हणजे ऊब काढून तिथे हृदय ठेवले. समाधान झाले की आपले डोळे निवतात, जीव थंड होतो, काळजात गारवा येतो. इंग्रजीत ‘कोल्ड’ म्हटले की तुटकपणा आला, ‘कोल्ड शोल्डर’ म्हणजे मुद्दाम केलेले दुर्लक्ष, आणि ‘कोल्ड फीट’ म्हणजे ठरलेल्या गोष्टीच्या ऐन तोंडावर कच खाणे. आपले हातपाय गार पडतात ते अचानक आलेल्या संकटाने. साखरपुडा होऊन लग्नाच्या आठवड्यात कोणी माघार घेतली तर इंग्रज म्हणेल ‘ही गॉट कोल्ड फीट’. आपण हातपाय गार पडले म्हणू ते मुलीच्या बापाचे. मात्र सगळे हवामानावर लोटणेही बरोबर नाही. ‘मायेची ऊब’ मराठीच आहे, आणि डोके थंड ठेवा हा सल्ला दोन्हीकडे तसाच. हवामान कल देते, निकाल देत नाही. म्हणूनच नियम पाठ करून भागत नाही, एकेक वाक्प्रचार त्याच्या जागी जाऊन पाहावा लागतो.

शिकण्याचा हा रस्ता वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे शिक्षण परिषद भरली, गांधीजी तिचे अध्यक्ष होते, आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ‘वर्धा योजना’ म्हणून देशभर ओळखल्या गेलेल्या नई तालीमची ही सुरुवात. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी हाताचे एखादे काम. विषय वेगवेगळे न शिकवता कामाशी जोडून शिकवायचे, याला त्या वर्तुळात समवाय म्हणत. टकळीवर सूत काढताना तारांची मोजणी आली की गणित, कापूस कुठून आला विचारले की भूगोल. आता कोणी म्हणेल, त्या योजनेच्या सात वर्षांत इंग्रजीला जागाच नव्हती. इंग्रजी वाक्प्रचार शिकवायला तिचा दाखला देणे म्हणजे उपवासाच्या दिवशी आचाऱ्याला बोलावणे. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. पण योजनेने इंग्रजी वगळली ती मुलाच्या वयाचा आणि मातृभाषेच्या हक्काचा विचार करून. ज्ञान हाताच्या ओळखीच्या कामातून आत शिरते, हे तिचे तत्त्व इंग्रजीलाही लागू पडते, आणि वर्धा जिल्ह्यात तर फारच सोयीने लागू पडते. कारण इथले काम कापसाचे, आणि इंग्रजी वाक्प्रचारांचा एक मोठा साठा कापड, लोकर आणि सूत यांच्या कामातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस इंग्लंडच्या बाजारात पोचत होता. १८६७ साली मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला गेली, आणि मग गाठी नेणे आणखी सोपे झाले.

‘टेंटरहुक’ हा शब्द घ्या. इंग्लंडात विणलेले लोकरी कापड धुऊन, कुटून दाट केले की ते आटायचे. मग ओले कापड उघड्या मैदानात लांबच लांब लाकडी चौकटींवर ताणून बसवत, म्हणजे वाळताना ते पुन्हा आखडू नये आणि सगळीकडून सारखे वाळावे. चौकट म्हणजे टेंटर, आणि तिच्या कडेने ठोकलेले वाकड्या टोकाचे खिळे म्हणजे टेंटरहुक्स. ते कापड आणि निकालाची वाट पाहणारे माणूस यांत इंग्रजांना साम्य दिसले. चौकटी केव्हाच गेल्या, आज बहुतेक इंग्रजांनी असा खिळा पाहिलेलाही नाही, पण ‘ऑन टेंटरहुक्स’ राहिले. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचे म्हणजे जीव टांगणीला लागणे. दोन्हींत लटकणे आहे, दोन्हींत वाट पाहणे आहे. तेव्हा ही जोडी चांगलीच म्हणायची, पण वापरायला गेलो की फरक दिसू लागतात. मराठीत टांगणीला लागतो तो जीव, इंग्रजीत अख्खा माणूस: ‘द होल फॅमिली वॉज ऑन टेंटरहुक्स अंटिल द सर्जन केम आउट.’ खिळे नेहमी अनेकवचनी. एका टेंटरहुकवर कोणीही लटकत नाही. दुसरा कोणी लटकवत असेल तर ‘कीप’ येते: ‘डोन्ट कीप अस ऑन टेंटरहुक्स, टेल अस द रिझल्ट.’ हे वाक्य मित्राला, बहिणीला, फार तर ओळखीच्या शिक्षकांना चालेल. निवड समितीला लिहायच्या पत्रात नको. शिवाय या वाट पाहण्याला शेवट असावा लागतो. कापसाचा हमीभाव उद्या जाहीर होणार असेल तर शेतकरी ‘ऑन टेंटरहुक्स’ असतील. दहा वर्षे भावच नाही, तर ती चिंता या खिळ्यांवर टांगता येणार नाही. आणि संकटात वाट पाहणारा नसून ती वस्तूच असेल, तर इंग्रजी दुसरा धागा काढते: ‘हिज जॉब इज हँगिंग बाय अ थ्रेड.’ इथे नोकरी लटकते आहे. नोकरदार खिळ्यांवर आहे की नाही, ते वेगळे विचारावे लागेल.

शब्दांची घडी किती पक्की असते हे दाखवायला वर्ध्याइतके चांगले ठिकाण नाही. ‘गांधीजी स्पन यार्न एव्हरी डे’ हे वाक्य इतिहास सांगते: गांधीजी रोज सूत कातत. त्यात एक इवलासा ‘अ’ घातला, ‘गांधीजी स्पन अ यार्न एव्हरी डे’, की अर्थ होतो, गांधीजी रोज एक लांबलचक थाप मारत. ‘स्पिन अ यार्न’ हा खलाशांच्या बोलीतून वर आलेला वाक्प्रचार, रंगवून रंगवून सांगितलेल्या आणि फारशा विश्वासार्ह नसलेल्या गोष्टीसाठी. ‘ही स्पन अस अ यार्न अबाउट अ मिस्ड बस’ म्हणजे उशिरा आलेल्याने एसटी चुकल्याची लांबण लावली, आणि आम्ही ती मनावर घेतली नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ‘अ’ हे उपपद किरकोळ वाटते; वाक्प्रचारात ते खुंटीसारखे असते, काढले की सगळे खाली. मराठी माणसाला हे खरे तर समजावून सांगायची गरज नाही. तोंडाला पाने पुसली म्हणतो, एक पान पुसले असे कोणी म्हणत नाही. हात टेकले म्हणजे शरण गेलो; हात टेकवले म्हणजे भिंतीला किंवा जमिनीला. हे आपल्याला कोणी शिकवले नाही, नियम म्हणून तर नाहीच. घरात, शेतात, भांडणात ऐकत गेलो आणि घडी मोडली की कानाला खटकू लागले. इंग्रजी वाक्प्रचारही तसाच अख्खा उचलावा, त्यातल्या उपपदासह आणि शब्दयोगी अव्ययासह, सोलून नव्हे.

घडीच्या पुढची गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याचे स्थान. ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ’समोर मार्गदर्शकांत ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असते. सल्ला तोच, शिंप्याऐवजी झोपणारा आला एवढेच. पण आपल्याकडे हे वाक्य वडीलधाऱ्याने धाकट्याला ऐकवायचे असते. सुनेने सासऱ्याला अंथरूण पाहायला सांगितले तर त्या घरात दोन दिवस तरी शांतता राहणार नाही. इंग्रजीतही ‘युअर’ म्हणून समोरच्याला सुनावले की तसाच टोचरेपणा येतो, म्हणून कामाच्या जागी ते बहुधा स्वतःला धरून बोलले जाते: ‘द ग्रँट हॅज बीन रिड्यूस्ड, सो वी मस्ट कट अवर कोट अकॉर्डिंगली.’ ‘युअर’चे ‘अवर’ झाले आणि उपदेशाची योजना झाली. वाक्य अर्धेच सोडलेले आहे, तेही पाहा. म्हणी अर्ध्या सोडणे ही दोन्ही भाषांची सवय आहे. आपण ‘नाचता येईना…’ एवढेच म्हणून थांबतो, अंगण ऐकणारा आपल्या मनात वाकडे करून घेतो. इंग्रजही ‘अ बॅड वर्कमन…’ म्हणून खांदे उडवतो, ‘अ स्टिच इन टाइम’ म्हणून पुढचे नऊ टाके गाळतो. परीक्षेसाठी अख्खी म्हण पाठ केलेल्याला ही अर्धी ऐकून वाटते की समोरचा विसरला. विसरलेला नसतो. पूर्ण म्हण ऐकवणे हे दोन्हीकडे जरा शाळामास्तरी वळणाचे मानले जाते.

सुताच्याच घराण्यातले आणखी दोनतीन भराभर पाहून घेऊ. ‘पुल स्ट्रिंग्ज’ हे कठपुतळीच्या खेळातले, आणि मराठीतले ‘सूत्रे हलवणे’ही तिथलेच. पण सूत्रे हलवणारा पडद्यामागून सगळा कारभार चालवतो, तर ‘ही पुल्ड अ फ्यू स्ट्रिंग्ज टू गेट हिज सन अ सीट’ म्हणजे मुलाला जागा मिळावी म्हणून वशिला लावला, बस. ‘विथ अ फाइन-टूथ कोम’ म्हणजे बारीक दातांच्या फणीने: ‘दि ऑडिटर वेंट थ्रू दि अकाउंट्स विथ अ फाइन-टूथ कोम.’ इंग्रजांनी फणी घेतली, आपण पिंजाऱ्याची धनुकली घेतली आणि परिसर पिंजून काढला. कागदपत्रे मात्र आपण चाळतो, म्हणजे तिथे चाळणी आली. ‘कॉटन ऑन’मध्ये तर कापूसच क्रियापद होतो: ‘इट टुक मी अ व्हाइल टू कॉटन ऑन’, म्हणजे माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. हा घरगुती बोलीतला प्रयोग, ब्रिटिश कानांना जास्त ओळखीचा. दोघांचे सूत जमण्याला इंग्रजीत सूत नाही. ‘दे हिट इट ऑफ’ म्हणतात, आणि ते पहिल्या भेटीतच व्हावे लागते. आपल्याकडे सूत जमायला वेळ लागला तरी चालतो, आणि गावाला ते आधी कळते.

आता आक्षेपांकडे. पहिला विद्यार्थ्यांचा आणि रास्त आहे: परीक्षेत वाक्प्रचाराचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा असे विचारतात, तिथे प्रसंगाची मीमांसा करायला वेळ कोणाला? पण त्या प्रश्नाचा दुसरा भाग नीट वाचला तर तो प्रसंगच मागतो. ‘ही वॉज ऑन टेंटरहुक्स’ एवढेच वाक्य लिहिणाऱ्याला अर्थ माहीत होता की नाही हे तपासणाऱ्याला कळत नाही. कोणीही, कशावरही असू शकतो. ‘ही वॉज ऑन टेंटरहुक्स टिल हिज नेम अपिअर्ड ऑन द मेरिट लिस्ट’ लिहिले की वाक्यानेच अर्थ सांगितला. चांगल्या वापराची ही साधी कसोटी आहे: वाक्प्रचार पुसून टाकला तर उरलेल्या वाक्यावरून रिकाम्या जागेत काय असावे याचा अंदाज यावा. मराठीच्या पेपरातही ‘रामूने हात टेकले’ याला फार तर अर्धा गुण द्यावा, असे मला वाटते. रामूने कशापुढे टेकले, ते लिहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की टेंटरहुकची हकीकत सांगता, म्हणजे व्युत्पत्तीचाच रस्ता झाला. मग प्रत्येक वाक्प्रचारामागची गोष्ट का शिकवू नये? गोष्टी लक्षात राहतात, हे खरे. पण मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक गोष्टी नंतर रचलेल्या असतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’विषयी सांगतात की जुन्या इंग्लंडात मांजरे-कुत्री गवती छपरात झोपत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत. छान गोष्ट आहे, आणि निराधार आहे. गोष्ट खरी असली तरी ती वापराची हमी देत नाही. हा वाक्प्रचार आज इंग्रजी बोलणारे स्वतः क्वचित वापरतात. पावसाळ्यात ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळे होतात. ज्याने मांजरांची गोष्ट घोकली तो मात्र दर जुलैत मांजरे पाडत राहतो. उगमाची हकीकत हवी ती चित्र डोळ्यांपुढे उभे राहण्यापुरती, आणि जिथे काम ओळखीचे आहे तिथे ती जास्त उपयोगी पडते. ज्याने ओली सतरंजी दोरीवर ताणून घातली आहे त्याला टेंटर समजवायला चित्र काढावे लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: वाक्प्रचार हवेतच कशाला? साधे, सरळ इंग्रजी लिहावे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली इंग्रजी गद्यावरच्या आपल्या निबंधात छापून छापून गुळगुळीत झालेल्या उपमा टाळाव्यात असा सल्ला दिला होता, आणि तो या देशात, बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला होता म्हणून नव्हे, तर बरोबर बोलला म्हणून आजही ऐकण्यासारखा आहे. खुद्द सेवाग्रामहून लिहिले गेलेले ‘हरिजन’मधले गांधीजींचे इंग्रजी साधेपणाचा नमुना मानतात. पण साध्या इंग्रजीच्या याच पुरस्कर्त्याच्या नावावर एक वाक्प्रचार जमा आहे. १९४२ च्या मार्चमध्ये आलेल्या क्रिप्स योजनेला त्यांनी पुढच्या तारखेचा चेक म्हटले असे सांगतात. ‘बुडत्या बँकेवरचा’ ही जोड एका पत्रकाराची समजली जाते. शब्द कोणाचेही असोत, ते टिकले, मराठी पाठ्यपुस्तकांतही आले, कारण चेक आणि बँक यांचा व्यवहार ऐकणाऱ्यांना ठाऊक होता. घासलेला वाक्प्रचार टाळावा, हे ऑर्वेलशी मान्य. पण टाळण्यासाठी तो आधी ओळखता यावा लागतो. ओळखणे आणि वापरणे ही दोन वेगळी कामे आहेत. वाचताना, सिनेमा पाहताना, मुलाखतीत समोरचा बोलत असताना पाचशे वाक्प्रचार समजावेत. स्वतः बोलताना पंधरावीस पुरतात.

या सगळ्यात इंग्रजीची गुलामगिरी आहे असे म्हणणारेही भेटतील. त्यांनी आपलाच कालचा अग्रलेख तपासावा. घोटाळ्याचे ‘हिमनगाचे टोक’ त्यात असेल, आणि विदर्भात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. ‘लाल फीत’ असेल, ‘पांढरा हत्ती’ असेल, ‘टांगती तलवार’ असेल. ही सगळी इंग्रजीच्या वाटेने आलेली चित्रे आहेत, काही तर इंग्रजीनेही दुसऱ्याकडून घेतलेली. प्रस्तावाला ‘हिरवा कंदील’ मिळतो तेव्हा इंग्रजीतला नुसता हिरवा दिवा मराठीत येताना गार्डच्या हातातला कंदील झालेला असतो. उसने घेताना मराठीने डोके वापरले, तेच डोके इंग्रजी शिकताना वापरायला हरकत नाही. उलट दिशेचे कामही झालेले आहे. मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश रचला, १८३१ साली पहिल्यांदा आणि १८५७ साली वाढवून, तेव्हा मराठी वाक्प्रचारांपुढे एक शब्द ठेवून तो थांबला नाही. कुठे आणि कशा अर्थाने म्हणतात हे जागोजाग उलगडून सांगितले. परक्याने आपली भाषा कशी शिकावी याचा तो नमुना आहे. आपल्या देशी इंग्रजीतल्या प्रयोगांनाही हाच न्याय लावावा. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे जुन्या इंग्रजी कचेरीतून आले आणि इथल्या फायलींत जगले. वर्ध्याच्या तहसील कचेरीत ते कोणाला खटकणार नाही, लंडनच्या वाचकाला मात्र पणजोबांचे पत्र आल्यासारखे वाटेल. ‘आउट ऑफ स्टेशन’चेही तेच. चूक म्हणून खोडण्यापेक्षा पत्र कुठे जाणार आहे ते पाहावे.

पत्र कुठे जाणार हे न पाहिल्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो मृत्यूच्या बाबतीत. मार्गदर्शकात ‘किक द बकेट’ आणि ‘पास अवे’ या दोन्हींपुढे ‘मरण पावणे’ छापलेले सापडेल. दुसरा शोकपत्रात चालतो. पहिला म्हणजे आपल्याकडचे ‘खपला’ किंवा ‘गचकला’. वडील गेलेल्या सहकाऱ्याला कोणी ‘सॉरी टू हिअर युअर फादर किक्ड द बकेट’ लिहिले, तर रकान्याप्रमाणे ते बरोबर आहे. म्हणून वही करायचीच तर तिचे रकाने बदलावेत. डावीकडे वाक्प्रचार एकटा नको, ऐकलेले किंवा वाचलेले अख्खे वाक्य लिहावे. त्याच्यापुढे कोण बोलले आणि कोणाला, रागाने की हसत, पत्रात की तोंडी, एवढे टिपावे. तिसरा रकाना मराठीचा. ‘ऑन टेंटरहुक्स’समोर तो लगेच भरेल. ‘सी आय टू आय’समोर भरण्याची घाई करू नये, ते वाक्य आणखी दोन माणसांच्या तोंडून ऐकेपर्यंत तो कोरा राहिला तरी चालेल.